मोकळ्या हवेचे मोल

मुंबईची उपनगरे कशी वाढली, असा प्रश्न केला असता बहुतेक लोक आगगाडीकडे बोट दाखवितात. ते उत्तर खोटे नव्हे. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि १८६७ पासून विरारची गाडी अंधेरी-बोरिवलीवरून धावू लागली. तथापि रूळ पडल्यावरही साष्टीतील ही गावे पुष्कळ वर्षे भातखाचरांची आणि वाड्यांचीच राहिली. शहरातील नोकरदार गृहस्थास तिकडे बिऱ्हाड हलवावेसे वाटण्यास आणखी एक कारण घडले. ते म्हणजे रोगाची भीती.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. तेव्हा मुंबईची वस्ती आठ लाखांवर होती. पुढल्या फेब्रुवारीपर्यंत तीन लाखांहून अधिक माणसे शहर सोडून गेली. गिरण्यांत माणूस मिळेना, तेव्हा एरवी पगार अडकवून ठेवणाऱ्या मालकांस रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली. मागे राहिलेल्यांस रोगाइतकेच उपायांचे भय होते. रोग्यास घरातून उचलून इस्पितळात न्यावे, ही गोष्टच लोकांस सहन होईना. १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला, घरझडत्या वाढल्या, आणि १८९८ च्या मार्चात एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगा उसळला. हे सारे अज्ञानाचे खेळ म्हणून हातावेगळे करणे सोपे आहे. परंतु घरचे माणूस परक्यांच्या हाती गेले आणि पुन्हा दिसले नाही, असे ज्याने शेजारी पाहिले होते, त्याचे भय अगदीच निराधार म्हणता येत नाही.

त्या काळच्या पुष्कळ विचारी लोकांनी रोगाचे खापर कोंदट हवेवर आणि दाट वस्तीवर फोडले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्यांतून रस्ते काढले व दादर-माटुंग्यास नवी वसाहत आखली. ट्रस्टचे अधिकारी ऑर यांनी तर घरात उजेड व वारा पोचावा म्हणून दोन इमारतींत पुरेसे अंतर हवे, असा आग्रह धरला. शहराबाहेर मोकळ्या हवेत राहावे, ही कल्पना मध्यमवर्गात रुजत गेली. १९२० साली उपनगरांचा वेगळा जिल्हा झाला. वांद्र्याच्या गल्ल्यांत प्लेगाच्या दिवसांत उभारलेले क्रूस आजही दिसतात. त्यांवरून ध्यानात येते, की उपनगरही त्या संकटातून सुटले नव्हते.

पुढे संशोधनाने ठरले, की प्लेग हवेतून नव्हे, मुख्यतः उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो. म्हणजे आमच्या पणजोबांनी ज्या हवेस दोष दिला, ती बव्हंशी निरपराध होती. मात्र २०२० साली जो रोग आला तो खरोखरच श्वासाबरोबर, कोंडलेल्या हवेतून पसरणारा होता. आणि तोवर ती मोकळी हवा आम्ही विकून खाल्ली होती. अंधेरी १९५० साली व बोरिवली-मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत सामील झाली. खाचरे बुजली आणि चाळीवर चाळ, मजल्यावर मजला चढला.

२०२० च्या मार्चात महाराष्ट्र सरकारने तोच १८९७ चा कायदा लागू केला आणि थोड्याच दिवसांत उपनगरी गाड्याही थांबल्या. या वेळी मजुरांस गावी जाण्याची गाडीही नव्हती. श्रमिक गाड्या मे महिन्यात सुटू लागल्या. तोपर्यंत कित्येक माणसे डोक्यावर बोचकी घेऊन मुलुंडवरून नाशिकच्या रस्त्यास पायी लागली होती. प्लेगात मजुराची वाण पडली म्हणून त्याचा भाव वाढला. या वेळी कामच थांबल्याने तो निरुपयोगी ठरला. आम्हांस मात्र पगार घरबसल्या मिळत होता. दोन खोल्यांत एका कोपऱ्यात आमचे व्याख्यान, दुसऱ्यात मुलाची शाळा, आणि या दोहोंमध्ये आवाज न करता भांडी घासण्याची कसरत घरातील बायकांच्या वाट्यास. पडद्यावर विद्यार्थ्यांची नुसती नावे दिसत. ती ऐकत आहेत की नाहीत, हे तीस वर्षे शिकविणाऱ्यासही सांगता येईना.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्याच मजल्यावरील एक वृद्ध गृहस्थ इस्पितळात वारले. अंत्यसंस्कार मोजक्या माणसांत उरकला. मुलगा परत आला तेव्हा जिन्यात त्याची पावले ऐकून आम्ही दार लावून घेतले. नंतर दूरध्वनीवरून शोक कळविला. भेटावयास गेलो ते आठ महिन्यांनी. त्याने चहा केला, आणि वडिलांच्या शेवटच्या दिवसांविषयी तो दोन तास बोलत राहिला. जणू इतके दिवस ऐकणाराच कोणी नव्हता. इस्पितळावर दगड मारणाऱ्या त्या कामगारांस आम्ही वर्गात वर्षानुवर्षे अडाणी म्हणत आलो होतो. त्या दिवसापासून तो शब्द आमच्या तोंडून गेला नाही.

आज आमच्या गल्लीत जुन्या इमारती पाडून उंच मनोरे उभे राहत आहेत. सभांत चर्चा होते ती क्षेत्रफळाची आणि वाहनांच्या जागेची. दोन इमारतींमध्ये अंतर किती राहणार, हा ऑर यांचा प्रश्न मागल्या सभेत आम्ही विचारला. उत्तर मिळाले नाही. पुढल्या सभेत आम्ही तो पुन्हा विचारणार आहोत.