वाळवंट कुणी केलं?

वाळवंटाची गोष्ट रचणं वरवर फार सोपं वाटतं. ऊन, वाळू, तहान, दोनचार लुटारू, झालं! पण टेबलाभोवती बसून खेळायच्या गोष्टीत अशी वाळू तीन बैठकींत संपते. १९९१ साली निघालेल्या 'डार्क सन' नावाच्या एका काल्पनिक जगात मात्र ती संपत नाही. ती का, हे आज सांगायचं आहे.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्याची कंपनी टीएसआर, गाव विस्कॉन्सिनमधलं लेक जिनिव्हा. चारपाच जण एकेक पात्र घेतात, एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार सांगतो, "समोर दरी आहे, पूल तुटलाय." मग पात्रं काय करतात ते खेळाडू सांगतात, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. म्हणजे नाटकाची तालीमच, फक्त संहिता नाही. एकच गोष्ट महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चालते. तिला कॅम्पेन म्हणतात.

या खेळातली नेहमीची जगं हिरवीगार. जंगलं, किल्ले, देवळं, सोन्याची नाणी. टिमथी ब्राउन आणि ट्रॉय डेनिंग यांनी डार्क सन रचताना हे सगळं उलटं केलं. कंपनीला खरं तर सैन्यांच्या लढाया खेळता येतील असं एक जग हवं होतं, आणि त्याचं कच्चं नाव होतं 'वॉर वर्ल्ड'. ब्रॉम नावाच्या चित्रकाराने भाजलेल्या जमिनीवरच्या, हाडांची शस्त्रं घेतलेल्या माणसांची चित्रं काढली आणि लेखकांनी त्या चित्रांना शोभेल असं लिहीत नेलं.

या जगाचं नाव ॲथास. इथे देव नाहीत. धातू जवळजवळ संपलेत, म्हणून तलवारी हाडांच्या, लाकडाच्या किंवा ज्वालामुखीच्या काचेच्या, आणि त्या मोडतात. नाणी भाजलेल्या मातीची. सात नगरं, त्यांच्यावर जादूगार राजे, आणि सगळा कारभार गुलामांच्या पाठीवर. मरण इतकं गृहीत धरलेलं की प्रत्येक खेळाडूने एकाऐवजी चार पात्रं तयार ठेवायची!

पण खरी गंमत पुढे आहे. ॲथास पूर्वी हिरवं होतं. तिथली जादू झाडाझुडपांच्या जिवावर चालते. मंत्र जपून टाकला तर झाड वाचतं. घाईने टाकला तर आजूबाजूच्या हिरवळीची राख होते आणि जमीन नापीक होते. हजारो वर्षं हेच चाललं, त्याचं हे वाळवंट. आणि १९९१ च्या नियमांत जमीन जाळणारा जादूगार जपणाऱ्यापेक्षा कमी अनुभवगुणांत वरच्या पायरीवर जातो. मोहाबद्दल एक ओळसुद्धा प्रवचन नाही. मोह सरळ कोष्टकात आहे.

आता हेच जग नंतरच्या नियमांत बसवायला घ्या. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत माणसाला उन्हाळी हवेत रोज दोन गॅलन पाणी लागतं. पाच जणांना दहा गॅलन, म्हणजे साधारण ३८ लिटर. आठवड्याचा प्रवास म्हणजे २६५ किलो नुसतं पाणी! ते वाहायला जनावरं हवीत, जनावरांना पुन्हा पाणी हवं. इथपर्यंत वाळवंट जिवंत आहे. पण याच आवृत्तीत पहिल्या पायरीच्या पुजाऱ्याकडे पाणी निर्माण करायचा मंत्र असतो. एका वेळेला किती पाणी? बरोबर दहा गॅलन. एका मंत्रात सगळ्यांची तहान भागली आणि वाळवंट गेलं.

बरेच सूत्रधार हा मंत्र सरळ खोडून टाकतात. आम्ही पाच जण पंधरवड्याला एकदा खेळतो आणि सूत्रधारकी माझ्याकडे असते. मी मंत्र ठेवला, पण त्याला वस्तुमानाचा ताळा लावला. पाणी शून्यातून येणार नाही, ते कुठून तरी येईल. मंत्र टाकला की पखाल भरते आणि पलीकडच्या वस्तीच्या विहिरीची पातळी तेवढीच खाली जाते. दोन बैठकींनंतर पात्रं त्या वस्तीत पोचली तेव्हा विहिरीवर भांडण चाललेलं होतं. मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. त्या संध्याकाळपासून आमचा पुजारी मंत्र टाकण्याआधी सगळ्यांना विचारतो.

डार्क सनच्या पुढच्या आवृत्त्यांचा इतिहास याच अंगाने वाचण्यासारखा आहे. डेनिंगने १९९१ ते १९९३ या काळात पाच कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीतच टिर नगराचा राजा कालाक मारला जातो आणि पाचवीपर्यंत बाकीचे बरेच जुलमी संपतात. १९९५ च्या सुधारित संचाने हा सगळा घडून गेलेला इतिहास मानला. म्हणजे जे टेबलावरच्या पात्रांनी करायचं, ते कादंबरीतल्या पात्रांनी आधीच उरकलेलं! १९९७ साली टीएसआर 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली. २०१० साली डार्क सन चौथ्या आवृत्तीत आलं तेव्हा त्यांनी घड्याळ मागे फिरवलं. कालाक नुकताच मेलाय, टिर मोकळं झालंय, बाकीचे राजे जागेवर आहेत. पाण्याचा हिशोब सोपा करून 'तगण्याचे दिवस' विकत घ्यायची सोय केली. आणि जाळून टाकलेल्या मंत्राची इजा जवळच्या सोबत्यांना होऊ लागली. हिशोब सोपा झाला, पण किंमत कुणीतरी मोजायची ही गोष्ट राहिली.

त्यानंतर बरीच वर्षं गेली, पण २०२३ पर्यंत पाचव्या आवृत्तीत डार्क सन आलं नव्हतं. या जगात अडचणीचं बरंच आहे, असं २०२३ साली कंपनीच्या एका अधिकाऱ्याने मुलाखतीत सांगितलं. अडचण मुख्यतः गुलामगिरीची.

हा प्रश्न आमच्या टेबलावर आधीच आला होता. आमच्यातल्या एकीचे पूर्वज जॉर्जियातल्या कापसाच्या मळ्यांवर गुलाम होते. सुरू करण्याआधी मी तिला विचारलं, हा भाग काढून टाकू का? ती म्हणाली, "काढू नकोस. मग ती नगरं कुणी बांधली ते कुणाला कळणारच नाही. फक्त बाजारात माणसं विकण्याचा प्रसंग शोभेसाठी दाखवू नकोस." आम्ही तसंच ठरवलं. तिचं पात्र टिरमधली सुटलेली गवंडी आहे. कुठल्याही नगरात शिरलं की ती पहिल्यांदा तट बघते आणि कुठला दगड कुणी बसवला असेल ते सांगते. आमच्या खेळातली ही सगळ्यात चांगली मिनिटं असतात.

गुलामगिरी काढून टाकली असती तर राजे नुसते दुष्ट म्हातारे उरले असते. जमीन जाळणारी जादू काढली तर ऊन म्हणजे नुसतं हवामान होतं, आणि हवामानाशी कुणी भांडत नाही. ॲथासमधली प्रत्येक टंचाई कुणीतरी केलेली आहे आणि तिच्यातून कुणाचा तरी आजही फायदा होतो आहे. म्हणून तिथे पात्रांना करण्यासारखं काही उरतं.

कुणाला असं वाळवंट खेळायला घ्यायचं असेल तर नकाशाच्या आधी कागदावर तीन उत्तरं लिहा. इथे पूर्वी काय होतं? ते कुणी संपवलं? ते संपल्याचा पैसा आज कुणाकडे जातो? मग पाणी मोजायला घ्या. गॅलनमध्ये मोजा नाहीतर घागरींत, चालेल.