हजेरी

पणजोबांकडे नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावची पाटीलकी होती. ओढ्याकाठी भटक्यांची पालं पडली की रात्री हजेरी घ्यायची, हे पाटलाचं काम. आजोबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. कंदील धरायला त्यांनाच नेत. पणजोबा वहीतून नावं वाचत आणि एकेका पालातून ‘हाये’ असा आवाज येई. नुसत्या आवाजावर भागत नसे. तापानं फणफणलेल्या म्हाताऱ्यालाही उठून उजेडात तोंड दाखवावं लागे. एकदा एक बाई बाळंतीण होती, तिच्या नवऱ्यानं बाहेर यायला उशीर केला, म्हणून शिपायानं त्याला लाथ घातली. ते सांगताना आजोबा दर वेळी थांबायचे.

या माणसांनी काही केलेलं नसे. अमुक जमातीत जन्मले, एवढाच गुन्हा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढे मुंबई इलाख्यातही आला. हजेरी, परगावी जायला पास आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती, हे सगळं त्याच कायद्याचं.

थोरल्या आत्याची गोष्ट वेगळी. गावात कुणाच्या तरी पेवातली ज्वारी गेली. दुसऱ्या दिवशी पालातले चार गडी चावडीपुढे बांधून मारले. महिन्याभरानं ज्वारी निघाली ती भावकीतल्याच एका घरात. ‘मग त्या चौघांचं काय झालं?’ असं मी विचारलं, तर आत्या म्हणाली, ‘पालं कवाच उठली व्हती. कुनाला सांगायचं?’

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. आत्याचा तो प्रश्न मात्र मला पुन्हा भेटला, तो सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ एका बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला. थोडे दागिने, थोडी रोकड आणि त्यापायी पाच जीव गेले. बायकांवर अत्याचार झाले. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. या प्रकरणात जे सहा जण पकडले, ते भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले मजूर होते. दरोड्यात खून पडला, की दंड संहितेच्या कलम ३९६ प्रमाणे दरोड्यातला प्रत्येक जण फाशीला पात्र ठरे, वार कुणाचाही असो. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेपेवर आणली. आरोपी सर्वोच्च न्यायालयात गेले, सरकारही गेलं. ३० एप्रिल २००९ रोजी आरोपींची अपिलं फेटाळली गेली आणि जन्मठेपेवर आलेल्या तिघांनाही पुन्हा फाशीची शिक्षा झाली. अपिलानं सुटका व्हावी, तर अपिलातच दोर गळ्यात आला.

सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे मान्य व्हायला २०१२ साल उजाडलं. तोवर त्यानं फाशीचा कैदी म्हणून वर्षं काढली होती.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की फाशीच्या प्रकरणातली पुनर्विलोकन याचिका बंद दालनात नव्हे, खुल्या कोर्टात, तीन न्यायमूर्तींसमोर ऐकायची. त्या वाटेनं हे प्रकरण पुन्हा उघडलं. ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. मला सगळ्यात हादरवलं ते कारणानं. वाचलेल्या आईनं पोलिसांकडच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली होती, आणि ती या सहांतली नव्हतीच. त्या चौघांचा तपासच झाला नाही. न्यायालयानं कसूर करणारे अधिकारी शोधून, ते अजून नोकरीत असतील तर कारवाई करा, असं बजावलं आणि सुटलेल्या प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सोळा वर्षं आत गेली होती. या सोळा वर्षांना पाच लाख ही रक्कम मला फार तोकडी वाटते. आणि ज्या आईचं घर उजाडलं, तिच्यावरही हा अन्यायच झाला; तिनं दाखवलेल्या माणसांकडे कुणी पाहिलंच नाही.

आत्याच्या ‘कुनाला सांगायचं?’ला आज निदान कायद्यात उत्तर आहे. कैद्याला तुरुंगातूनच, अधीक्षकामार्फत अपील करता येतं, आणि वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचं कार्यालय असतं. तुमच्या ओळखीत, वस्तीवर, कामाच्या ठिकाणी कुणाचा माणूस आत असेल, तर त्याच्या घरच्यांना हे सांगा. जमलं तर कार्यालयाच्या दारापर्यंत सोबत जा.