लोखंडानं रान बाधतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

निफाड तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत एक लाकडी नांगर वर्षानुवर्षं तुळईला टांगलेला होता. बाभळीचं खोड, लांब हाळीस, हातांच्या घामानं गुळगुळीत झालेलं रुमणं आणि खाली लोखंडाचा टोकदार फाळ. लोखंडी नांगर घरात येऊन जमाना झाला होता, तरी आजोबा तो जुना नांगर मोडू देत नसत. म्हणायचे, ''लोखंडानं रान बाधतं.'' आम्ही मुलं हसायचो. एकदा मी धीर करून विचारलं, ''आजोबा, या लाकडी नांगराचा फाळ तरी लोखंडाचाच आहे ना?'' ते म्हणाले, ''तो फाळ रान टोकरतो. तुमचा नांगर रान उलथतो.''

पुढे मी स्वतः नांगर बनवण्याच्याच धंद्यात पडलो. नाशिकजवळ शेती अवजारांचा छोटा कारखाना टाकला आणि पस्तीस वर्षं चालवला. आजोबांच्या त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. तो कसा कळला, हे सांगण्याआधी लोखंडी नांगराची गोष्ट सांगायला हवी.

लाकडी नांगर म्हणजे एक पाचरच. ती मातीत घुसते, माती दोन्ही बाजूंना सारते आणि पुढे जाते. दोन तासांच्या मधली माती तशीच राहते, म्हणून रान उभं-आडवं नांगरावं लागतं. हराळी आणि कुंदा ही तणं खोल मुळांची. वरवर टोकरलेल्या रानात ती पुन्हा जोमानं फुटतात. काळ्या भारी जमिनीत ती काढायची तर मोठा नांगर आणि त्याला तीन-चार बैलजोड्या जुंपाव्या लागत. एवढे बैल एका घरी नसत, म्हणून सावडीनं नांगरट चाले. ज्याच्याकडे एकच जोडी, त्याची पाळी शेवटी. तोवर वळवाचे ढग डोक्यावर आलेले असत.

लोखंडी नांगराची करामत वेगळी. त्याचा फाळ मातीचा पट्टा खालून आडवा कापतो. मग मागचा वळणदार पत्रा तो पट्टा उचलतो, पिळतो आणि पालथा घालतो. वरचं गवत खाली गाडलं जातं, मुळं उन्हात उघडी पडतात. सगळी कला त्या पत्र्याच्या वळणात आहे. वळण फार तीव्र असेल तर माती अंगावर येते आणि ओढ वाढते, फार सपाट असेल तर ती न पलटता नुसती सरकते.

महाराष्ट्रात हा नांगर रुजवला तो लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी. त्यांचा जन्म 1869 चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही असं लक्षात आलं. रंग सुटले, रेषा राहिल्या. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्रांची चित्रं काढायला शिकवू लागले. पुढे बेळगावला येऊन भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं. तिथून कडबा कापण्याचं यंत्र आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर.

इंग्लंडातल्या रॅन्सम्ससारख्या कारखान्यांचे नांगर त्या काळी हिंदुस्थानात येत, पण ते महाग पडत आणि एखादा भाग मोडला तर मिळवायचा कुठून, हा प्रश्न असे. लक्ष्मणरावांचा नांगर इथला होता, तरीही गिऱ्हाईक मिळेना. लोखंडानं जमिनीला विष होतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी मदतीला आले आणि 1910 साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगानं भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे तिथल्या नांगरांनी महाराष्ट्रातल्या शेताशेतांत जागा मिळवली.

आपले शेतकरी अडाणी होते म्हणून लोखंडाला भ्याले, असं आपण सहज म्हणून जातो. पण अमेरिकेचा दाखला पाहा. 1797 साली न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डनं बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नांगराचं पेटंट घेतलं. तिथले शेतकरीही हेच म्हणाले की लोखंडानं जमिनीला विष होतं आणि तण माजतं. न्यूबोल्डचा नांगर फारसा खपला नाही. त्यात आणखी एक खोट होती. तो जवळजवळ एकसंध ओतलेला होता, त्यामुळे एक भाग मोडला की सगळा नांगर वाया. 1819 साली जेथ्रो वूडनं सुटे, बदलता येणारे भाग असलेला नांगर केला आणि मग बिडाचा नांगर चालला. नवं अवजार घेताना शेतकरी धातू कुठला हे नंतर विचारतो. मोडलं तर ऐन हंगामात काय करायचं, हे आधी विचारतो.

दुसरी अडचण चिकट मातीची. अमेरिकेच्या मधल्या प्रदेशातली काळी माती बिडाच्या खरबरीत पत्र्याला चिकटून बसे आणि दर थोड्या अंतरावर नांगर थांबवून ती खरवडावी लागे. 1837 साली इलिनॉयमधल्या जॉन डिअर नावाच्या लोहारानं मोडक्या करवतीच्या पोलादापासून गुळगुळीत पत्रा केला. त्यावरून माती आपोआप घसरू लागली. आपल्या गोदाकाठच्या काळ्या मातीत ओलीवर नांगर घालून पाहिलेल्या माणसाला हे दुखणं समजावून सांगायला नको.

मग आला ट्रॅक्टर. सुरुवातीला नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीनं बांधल्यासारखा ओढला जाई. फाळ दगडात अडकला की नांगर जागचा हलत नसे, मागची चाकं जोर करीत आणि ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटे. कितीतरी चालक त्याखाली सापडले. आयर्लंडच्या उत्तर भागातल्या हॅरी फर्ग्युसननं यावर उपाय शोधला. खाली दोन दांडे आणि वर एक, असा तीन ठिकाणी नांगर ट्रॅक्टरला जोडला. त्यामुळे नांगराच्या ओढीचा भार मागच्या चाकांवर पडून ती जमीन घट्ट धरतात आणि वरचा दांडा ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबून ठेवतो. जमीन कठीण लागली तर ट्रॅक्टरमधल्या तेलाच्या दाबानं नांगर जरासा वर उचलला जातो. 1936 साली ही जोडणी असलेला त्याचा ट्रॅक्टर बाजारात आला, 1939 पासून फोर्डच्या कारखान्यातही ती बसू लागली. आज आपल्या गावातल्या कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे जे तीन दांडे दिसतात, ते हेच.

आपल्या देशात 1959 साली फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. 1963 साली महिंद्रांनी परदेशी कंपनीच्या भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी काढली. आमच्या भागात ट्रॅक्टर हळूहळू आले, पण आले ते बागायतीच्या पैशाबरोबर. कांदा, ऊस आणि मग द्राक्षं. त्यांच्या मागोमाग माझ्यासारखे छोटे कारखानदार. एक कटर, एक वेल्डिंग मशीन, एक भट्टी आणि दोन मिस्त्री, एवढ्या भांडवलावर नांगर बनत.

आम्ही काही शोध लावले नाहीत, गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून सुधारणा मात्र पुष्कळ केल्या. साधा नांगर माती एकाच बाजूला टाकतो, म्हणून रानात फेऱ्या घालत नांगरावं लागतं आणि मधे एक लांब खोल सरी उरते. पाण्याखालच्या सपाट रानात ती सरी म्हणजे डोकेदुखी. सगळं पाणी तिकडे धावतं. त्यावर उपाय पलटी नांगर. त्याला फाळांचे दोन संच असतात, एक उजवीकडे माती टाकणारा आणि दुसरा डावीकडे. बांधाशी आलं की नांगर उचलायचा, पलटायचा आणि त्याच तासाशेजारून परत यायचं. मधे सरी राहत नाही. चिकट मातीसाठी आम्ही सलग पत्र्याऐवजी मधे फटी ठेवून पट्ट्या बसवल्या. मातीला चिकटायला जागाच कमी. नवा नांगर घेणाऱ्याला सांगायचो, आधी मुरमाड रानात चार तास काढा, रंग निघून पत्रा आरशासारखा होऊ द्या, मग काळ्यात घाला. आणि पावसाळ्यात पत्र्याला जळकं ऑइल लावून ठेवा.

आता माझी चूक सांगतो.

धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मला खोलीचं वेड होतं. जितकं खोल तितकं चांगलं, असं मी गिऱ्हाइकालाही सांगायचो. 1986 च्या उन्हाळ्यात एका फाळाचा मोठा, भारी नांगर केला आणि पहिल्यांदा आमच्याच रानात चालवला. नदीकडच्या काळ्या रानात तो सुरेख चालला. मग टेकाडाकडच्या तुकड्यात घातला. वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, बांधावर उभे होते. म्हणाले, ''इथं खाली पांढरं लागतं. बेतानं घे.'' मी ट्रॅक्टरवरून हात हलवला आणि दीड फुटानं नांगर काढला. संध्याकाळी वळून पाहिलं तर अर्धं रान राखेसारखं पांढुरकं झालं होतं. खालची चुनखडी मी वर आणली होती आणि पिढ्यान् पिढ्या शेणखत खाल्लेली वरची माती खाली गाडली होती.

नाना काही बोलले नाहीत. तीन वर्षांनी त्याच तुकड्यात द्राक्षाची बाग लावली. वेलींची कोवळी पानं पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान लिंबासारखं. काळ्या रानातली बाग मात्र हिरवीगार. कृषी खात्यातल्या एका अधिकाऱ्यांना आणून दाखवलं. त्यांनी मूठभर माती घेऊन तिच्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकले. माती फसफसून वर आली. म्हणाले, ''चुना फार आहे. मातीत लोखंड असतं, पण चुन्यापुढे मुळांना ते घेता येत नाही. तुमच्या वेलींना लोखंड कमी पडतंय.''

मी तिथंच बांधावर बसलो. आजोबा म्हणायचे लोखंडानं रान बाधतं. आणि इथं माझ्या लोखंडी नांगरानं रानाची लोखंडाचीच उपासमार केली होती! दोष धातूचा नव्हता. आजोबांनी त्या दिवशी फरक सांगितला होता तो टोकरण्याचा आणि उलथण्याचा. टोकरणारा नांगर चुकला तरी बिघाड बोटभर खोल. उलथणाऱ्या नांगराची चूक मात्र वर येऊन बसते आणि पुढच्या पिढीला खत-मातीनं ती भरून काढावी लागते. आम्ही त्या तुकड्यात दरवर्षी गाड्यांनी शेणखत घातलं, हिराकस फवारलं, तागाचं पीक गाडलं. बाग सावरली, पण काळ्या रानाची बरोबरी तिनं कधी केली नाही. नाना गेले, तेव्हाही त्या तुकड्याचा रंग वेगळाच दिसत होता.

त्यानंतर कारखान्यात एक रीत घातली. नांगर घ्यायला येणाऱ्याला ट्रॅक्टर किती ताकदीचा, हे विचारण्याआधी विचारायचं, ''तुमच्या रानात मुरूम किंवा चुनखडी किती खाली लागते?'' बऱ्याच जणांना सांगता येत नसे. मग म्हणायचो, आधी चार ठिकाणी गुडघाभर खड्डे घ्या, बघा आणि मग या. काही जण वैतागून दुसऱ्या दुकानात गेले. जे खड्डे घेऊन परत आले, त्यांच्या नांगराला खोली धरून ठेवणारं चाक आम्ही बसवून देत असू आणि दांड्यावर छिन्नीनं खूण करून देत असू की याच्या खाली जायचं नाही.

आज ट्रॅक्टरची ताकद वाढली आहे आणि प्रश्न उलटाही झाला आहे. दरवर्षी एकाच खोलीवर नांगर चालला आणि तासातून ट्रॅक्टरचं चाक फिरलं की फाळाच्या खालची माती दाबून थाळीसारखी घट्ट होते. पाणी मुरत नाही, मुळं आडवी पसरतात. वाफसा नसताना ओलीवर नांगरलं तर हे लवकर होतं. तो थर फोडायला सबसॉयलर नावाचं अवजार निघालं आहे. ते खालची माती वर न आणता आतल्या आत भेगाळतं. म्हणजे शंभर वर्षं माती उलथायला शिकल्यावर आपण पुन्हा न उलथता टोकरायला शिकतो आहोत, फक्त जास्त खोलवर.

माझा कारखाना आता मुलगा चालवतो. पडवीतला लाकडी नांगर मी तिथं दारात आणून ठेवला आहे. तरुण शेतकरी येतात आणि शोभेची वस्तू समजून त्याच्यापाशी फोटो काढतात. कुणी विचारलं तर मी ही गोष्ट सांगतो. आणि जाताना एवढंच म्हणतो, ''नांगर घेऊन जा, पण आधी खड्डा घेऊन बघा.''