ऑटोमेटेड टेस्टिंग: लॉगिनची पायरी एकदाच का लिहायची?

समजा, बसचं तिकीट काढायची एक वेबसाइट आहे. एका रात्री डेव्हलपरने 'लॉगिन' बटणाचं नाव बदलून 'साइन इन' केलं. प्रवाशांना काहीच अडचण आली नाही. सकाळी टीमने पाहिलं, तर २०० ऑटोमेटेड टेस्टपैकी १८० फेल! या सगळ्या टेस्ट बटणावर 'लॉगिन' हाच शब्द शोधत होत्या.

त्याच रात्री आणखी एका बदलामुळे पैसे कापले जाऊनही तिकीट मिळेनासं झालं असेल तर? ते पकडणारी टेस्ट लॉगिनलाच अडकली. पेमेंटपर्यंत पोहोचलीच नाही.

फंक्शनल टेस्ट करते काय?

माणसासारखाच ब्राउझर उघडते, टाइप करते, क्लिक करते आणि अपेक्षित गोष्ट घडली का ते तपासते. यासाठी गाजलेलं टूल म्हणजे सेलेनियम. जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये थॉटवर्क्स कंपनीत ते सुरू केलं. (नावामागे एक टोमणा आहे. तेव्हाच्या स्पर्धक कंपनीचं नाव 'मर्क्युरी', म्हणजे पारा. आणि पाऱ्याच्या विषबाधेवर म्हणे सेलेनियमचा उतारा!)

तिकीट रद्द करणं असो की सीट बदलणं, जवळपास प्रत्येक टेस्टची सुरुवात सारखीच: साइट उघडा, युजरनेम टाका, पासवर्ड टाका, बटण दाबा. घाईत या ओळी कॉपी-पेस्ट होतात आणि १८० ठिकाणी जाऊन बसतात.

मग उपाय काय?

'पेज ऑब्जेक्ट' ही पद्धत यासाठीच आहे. लॉगिन पेजवर कुठली चौकट कुठे आहे, बटण कसं शोधायचं, हे सगळं एकाच फाइलमध्ये ठेवायचं. टेस्टने फक्त 'या युजरने लॉगिन कर' एवढंच म्हणायचं. बटणाचं नाव बदललं की दुरुस्ती एका ओळीची. मार्टिन फाउलर यांनी २०१३ मध्ये या पद्धतीवर लिहिताना एक पथ्य सुचवलं होतं: बरोबर-चूक ठरवणारी तपासणी शक्यतो पेज ऑब्जेक्टमध्ये नको, ती टेस्टमध्येच असावी. म्हणजे टेस्ट नेमकं काय तपासते, हे वाचताक्षणी कळतं.

क्युकंबर या टूलमध्ये टेस्ट साध्या वाक्यांत लिहितात. तिथे एका फाइलमधल्या सगळ्या टेस्टसाठी सारख्या पायऱ्या 'बॅकग्राउंड' या भागात एकदाच लिहिता येतात.

पण 'कॉमन'चा अतिरेकही होतो. एकाच फंक्शनला 'ओटीपी हवा का, पॉपअप बंद करायचा का, भाषा कोणती' असे आठ-दहा पर्याय जोडले, की त्याला हात लावायलाच लोक घाबरतात. त्याहून वाईट म्हणजे एका टेस्टने काढलेलं तिकीट दुसऱ्या टेस्टने रद्द करणं. पहिली फेल झाली की दुसरी विनाकारण फेल. पायरी जरूर वाटून घ्यावी, पण तिकीट ज्या-त्या टेस्टने स्वतःचं काढावं.

वेळेचं काय?

फाइल एक केली तरी १८० वेळा लॉगिन होतंच, त्यात वेळ जातो. म्हणून प्लेराइटसारख्या टूलमध्ये एकदा लॉगिन करून कुकीज वगैरे माहिती फाइलमध्ये साठवता येते. बाकीच्या टेस्ट तिथूनच सुरू होतात. ही फाइल कोडसोबत अपलोड करू नये. ती हाती लागली तर कुणीही त्या युजरच्या नावाने आत शिरू शकतो. आणि निदान एका टेस्टने तरी हा शॉर्टकट न घेता खऱ्या लॉगिन पेजवरूनच जायला हवं. नाहीतर ते पेज बंद पडल्याचं प्रवाशांकडूनच कळेल.