खाणीपूर्वी विहिरींची नोंद का हवी?

गोव्यातील लोहखनिज उघड्या खाणींतून काढले जाते. डिचोली परिसरात भूजल प्रामुख्याने दोन थरांत आढळते: वरच्या सच्छिद्र जांभ्यात आणि खालच्या भुसभुशीत खनिजात. मध्ये बहुधा चिकणमातीचा थर असतो. खंदक भूजलपातळीखाली गेला की पाणी पंपाने उपसावे लागते. त्यामुळे भोवतालची पातळी उतरते आणि विहिरी, झरे व कुळागरांना झळ पोहोचू शकते.

म्हणून निरीक्षण खोदकामापूर्वीच सुरू व्हावे. भूजलपातळी पावसाळ्यात चढते आणि मे महिन्यात तळ गाठते. किमान एका पूर्ण वर्षाच्या नोंदीशिवाय ऋतुमानाची घट कोणती आणि उपशाची कोणती, हे ठरवता येत नाही. केंद्रीय भूजल मंडळ जानेवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबर असे वर्षातून चार वेळा मोजमाप करते; खाणीजवळ ते दरमहा घेणे इष्ट. दोन्ही थरांसाठी स्वतंत्र निरीक्षण-विहिरी आणि खाणीच्या प्रभावाबाहेर तुलनेसाठी एक विहीर असावी. पाऊस, उपसा, गढूळपणा, लोह व मँगनीज यांचीही नोंद ठेवावी.

सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्यानंतर लिलावाद्वारे पट्टे देण्यास आरंभ झाला. पेडण्यातील कोरगावसारख्या गावाच्या परिसरात उद्या असा प्रस्ताव आलाच, तर ही नोंदवही ग्रामपंचायतीतही ग्रामस्थांना पाहता यावी. भरलेली विहीर मोजलेली नसेल, तर आटलेल्या विहिरीची भरपाई मागताना हाती पुरावा उरत नाही.