मेग्ज फील्ड : पुसलेल्या विमानतळाचं नेपथ्य

मंडळी, या वेळचा विषय जरा वेगळा आहे. संगणकावर विमान चालवण्याचा माझा नाद नातेवाइकांना ठाऊक आहेच. ("या वयात हे काय?" असं विचारणारे दोघंतिघं आता स्वतःच शेजारी खुर्ची ओढून बसतात, ही गोष्ट वेगळी.) ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये जगभरचे विमानतळ असतात, पण पुष्कळसे ढोबळ असतात. धावपट्टी बरोबर, इमारती मात्र कुठल्याही. मग कुणी हौशी माणूस आपल्या आवडीचा एखादा विमानतळ जुने फोटो आणि नकाशे समोर ठेवून बारकाईने उभा करतो आणि इतरांना वापरायला देतो. त्याला सीनरी म्हणतात. आपण नेपथ्य म्हणू.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याने धाडलेली शिकागोच्या मेग्ज फील्डची अशी एक सीनरी गेले तीन आठवडे मी वापरतो आहे. तिच्याविषयी लिहायचं कारण असं की हा विमानतळ २००३ सालीच नाहीसा झाला. इतिहास शिकवण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला दुसरं काय हवं?

शिकागो शहर मिशिगन सरोवराच्या काठावर आहे. सरोवर म्हणायचं एवढंच, पलीकडचा काठ दिसत नाही. १९०९ साली डॅनियल बर्नहॅम या वास्तुविशारदाने शहराचा मोठा आराखडा मांडला. त्यात सरोवरकाठी भराव घालून बेटांची एक माळ तयार करायची आणि ती लोकांना फिरण्यासाठी मोकळी ठेवायची अशी कल्पना होती. माळेतलं एकच बेट प्रत्यक्षात आलं, ते म्हणजे नॉर्दर्ली आयलंड. १९३० मध्ये तिथे अॅडलर तारांगण उभं राहिलं. १९३३-३४ मध्ये शहराच्या शताब्दीनिमित्त जे जागतिक प्रदर्शन भरलं, त्याचाही काही भाग या बेटावर होता. प्रदर्शन उठलं आणि बेट रिकामं झालं.

मेरिल मेग्ज हे तिथले वृत्तपत्र प्रकाशक आणि विमानांचे मोठे चाहते. शहराच्या मध्यापासून दहा मिनिटांवर विमानतळ असावा, असा त्यांचा आग्रह होता. डिसेंबर १९४८ मध्ये बेटावर धावपट्टी सुरू झाली आणि पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं. सुमारे ३,९०० फूट लांबीची एकच पट्टी, उत्तर-दक्षिण, जवळजवळ चहूकडे पाणी. मोठी विमानं तिथे येत नसत. उद्योगपती, सरकारी अधिकारी, हौशी वैमानिक आणि रुग्ण घेऊन येणारी छोटी विमानं एवढाच तिचा राबता.

आता संगणकाचा धागा. इलिनॉय राज्यातल्याच विद्यापीठात शिकलेल्या ब्रूस आर्टविक यांनी विमानोड्डाणाचं चित्र संगणकावर कसं हलतं ठेवायचं यावर १९७५ मध्ये प्रबंध लिहिला, आणि त्यातूनच पुढे हा खेळ जन्मला. मायक्रोसॉफ्टने १९८२ मध्ये तो बाजारात आणला तेव्हा सुरुवात करायची जागा होती मेग्ज फील्ड. डावीकडे चार रेघांच्या गगनचुंबी इमारती, उजवीकडे सपाट निळं सरोवर. पुढच्या आवृत्त्यांमध्येही वर्षानुवर्षं विमान इथेच उभं असायचं. ज्यांनी शिकागो कधी पाहिलं नाही अशा जगभरच्या लक्षावधी लोकांनी आपलं पहिलं उड्डाण या छोट्या पट्टीवरून केलं. खऱ्या मेग्जवरून उडालेल्यांपेक्षा खोट्या मेग्जवरून उडालेले कितीतरी जास्त असणार!

शिकागोचे महापौर रिचर्ड एम. डेली यांना मात्र तिथे बाग हवी होती. (त्यांचे वडीलही महापौर होते, १९५५ पासून १९७६ पर्यंत. चिरंजीव १९८९ ते २०११. घराणेशाही आपल्याकडेच असते असं नाही.) जमीन उद्यान विभागाची, पालिकेकडे भाडेपट्ट्याने. पन्नास वर्षांचा करार १९९६ मध्ये संपताच डेलींनी विमानतळ बंद केला. राज्याच्या विधिमंडळाने दबाव आणला आणि १९९७ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. २००१ च्या अखेरीस राज्यपाल आणि महापौर यांच्यात तडजोड झाली की पुढची पंचवीसेक वर्षं पट्टी चालू ठेवायची. पण त्याला लागणारा केंद्रीय कायदा वॉशिंग्टनमध्ये अडकून पडला.

आणि मग ३० मार्च २००३ ची रात्र. मध्यरात्रीच्या सुमारास पोलिस बंदोबस्तात बुलडोझर बेटावर शिरले आणि धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदून ठेवल्या. पूर्वसूचना नाही, सुनावणी नाही, केंद्रीय विमान प्रशासनालाही कळवलेलं नाही. सोळा विमानं तिथेच अडकली. त्यांना नंतर धावपट्टीशेजारच्या टॅक्सीवेवरून उडून जावं लागलं. सकाळी महापौरांनी कारण सांगितलं की दहशतवादी इतक्या जवळून उंच इमारतींवर विमान घालतील. ११ सप्टेंबरला दीड वर्ष झालं होतं आणि इराकचं युद्ध सुरू होऊन दहा दिवस. अशा वेळी हे कारण कुणालाही तोंडावर खोटं म्हणता येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक असणार.

तीस दिवस आधी सूचना न दिल्याबद्दल दिवसाला १,१०० डॉलर, म्हणजे एकूण ३३,००० डॉलर दंड झाला. कायद्याप्रमाणे त्याहून जास्त करताच येत नव्हता. २००६ मध्ये पालिकेने तो भरायचं मान्य केलं आणि विमानतळ निधीतून या कामासाठी वापरलेले दहा लाख डॉलरही परत करायचं कबूल केलं. एवढ्या मोठ्या शहराला ३३,००० डॉलर म्हणजे काय, ते तुम्हीच पाहा. नंतर असा दंड दिवसाला १०,००० डॉलरपर्यंत नेणारा कायदा झाला, पण पट्टी गेली ती गेलीच.

या खेळाच्या २००६ च्या आवृत्तीत मेग्ज नव्हता. (२०२२ मध्ये, खेळाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, कंपनीने स्वतःच तो परत दिला. भाच्याने पाठवलेली ती नव्हे, एका हौशी माणसाची.)

तर आता परीक्षण. कंट्रोल टॉवर आणि टर्मिनलची बुटकी इमारत सुरेख जमली आहे. खिडक्यांच्या काचांवर सरोवराचं प्रतिबिंब पडतं. पट्टीच्या कडेचे दिवे अंधार पडल्यावर अगदी योग्य अंतरावर लुकलुकतात. डांबराला जुनेपणा दिला आहे, मधेमधे डागडुजीचे काळे पट्टे आहेत, आणि हा मनुष्य डांबर नुसतं रंगवत नाही तर डांबराचं वय रंगवतो, हे पाहून मला त्याच्याविषयी आदर वाटला. पाण्याची कड मात्र एका जागी फसली आहे. पूर्वेच्या बाजूला दगडी बांधाऐवजी हिरवळ सरळ लाटांत उतरते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. आताच्या सिम्युलेटरमध्ये शहर उपग्रहाच्या ताज्या छायाचित्रांवरून उभं राहतं. त्यामुळे २००२ चा विमानतळ आणि आजचं शिकागो शेजारीशेजारी बसले आहेत. पट्टीवरून वायव्येला पाहिलं की २००९ मध्ये पूर्ण झालेला ट्रम्प टॉवर दिसतो. २००४ मध्ये खुलं झालेलं मिलेनियम पार्कही आहे. पश्चिमेचं सोल्जर फील्ड हे क्रीडांगण २००३ च्या सप्टेंबरात नव्या रूपात उघडलं, जुन्या खांबांच्या आत जणू परग्रहावरची तबकडी उतरावी तसं. इथे तेच नवं रूप उभं आहे. मेग्ज आणि ही इमारत चालू स्थितीत कधीच एकत्र नव्हती. ऐतिहासिक नाटकात शिवकालीन मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसावं, तसं हे झालं. उत्तरपत्रिकेत मी लाल शाईने 'कालविपर्यास' लिहिलं असतं.

सीनरीसोबत एक माहितीपत्र येतं. त्यात त्या रात्रीचा उल्लेखच नाही. धावपट्टी गुळगुळीत, फुली नाही, जणू काही घडलंच नाही. हे मला पटलं नाही. २००१ च्या हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या आवृत्तीतून न्यूयॉर्कचे जुळे मनोरे काढून टाकले होते. त्यामागची भावना समजू शकते. पण मनोरे गुपचूप काढणं आणि विमानतळ गुपचूप परत बसवणं, या दोन्हींत नकाशा वाचणाऱ्याला मधली हकीकत कळत नाही. करणाऱ्याने एक पर्याय ठेवायला हवा होता : ३१ मार्चची सकाळ. फुल्या खोदलेल्या, विमानं अडकलेली. टॅक्सीवेवरून उडून दाखवा म्हणावं! सिम्युलेटर खेळणाऱ्यांना याहून चांगलं आव्हान मिळणार नाही आणि इतिहासही शिकून होईल.

दुसरी बाजूही त्या पत्रात यायला हवी होती. वैमानिकांच्या लिखाणात डेली हे नुसते खलनायक असतात. मला तसं वाटत नाही. बर्नहॅमच्या आराखड्यात हे बेट लोकांसाठी होतं. सार्वजनिक जमिनीवर थोड्या लोकांची विमानं उतरावीत की सगळ्यांनी फिरावं, हा प्रश्न महापौरांनी विचारला तो रास्तच होता. पुढे २०१५ मध्ये तिथे गवताळ रान आणि पाणथळ जागा तयार करून पायवाट खुली केली, तीही चांगलीच झाली असणार. पण उत्तर मध्यरात्री बुलडोझरने द्यायचं नसतं. दिवसाढवळ्या मत मागितलं असतं तर बाग कदाचित दहा वर्षं उशिरा झाली असती. चाललं असतं.

भाच्याने विचारलंय की ही ठेवू की दुसरी शोधू. ठेव. शंभरापैकी सत्तर गुण. उतरायचं असेल तर दक्षिणेकडून ३६ क्रमांकाच्या पट्टीवर ये, डावीकडे मॅककॉर्मिक प्लेसची लांबलचक छपरं मागे पडली की पाणी संपतं आणि पट्टी लगेच चाकाखाली येते. सेसना असेल तर वेग पासष्ट नॉटच्या आसपास ठेव. आणि टर्मिनलची ती बुटकी इमारत खरोखरच अजून उभी आहे, तेव्हा तिकडे गेलास तर तिचा एक फोटो मला पाठव, काचा जुळतात का ते बघायचं आहे.