सुकाणूचक्राची झीज आणि जीर्णोद्धार

जुन्या मोटारीची पारख करणारा जाणता मनुष्य प्रथम तिच्या रंगाकडे पाहत नाही. रंग नवा देता येतो, टायर बदलता येतात, बैठकींवरील कापड तर बहुधा एक-दोनदा बदललेलेच असते. तो दार उघडतो आणि सुकाणूचक्राच्या, म्हणजे व्यवहारात ज्याला 'स्टिअरिंग' म्हणतात त्या चाकाच्या, कडेवरून अंगठा फिरवितो. कड कोठे गुळगुळीत झाली आहे, कोठे तडकली आहे, आरे जेथे कडेला मिळतात तेथे भेगा पडल्या आहेत काय, हे तो पाहतो. मैलांचा आकडा दाखविणारे यंत्र लबाडीने मागे फिरविता येते. तळहाताने केलेली झीज मागे फिरविता येत नाही. बिघडलेले इंजिन दुरुस्त करावयाचे की नाही, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. झिजलेले सुकाणूचक्र मात्र चामड्याने मढवावे, भेगा भरून रंगवावे, की आहे तसेच राखावे, याबद्दल जाणत्यांतही मतभेद आहेत. आणि त्या मतभेदाचे मूळ या चक्राच्या इतिहासात सापडते.

मोटारीला प्रारंभी असे चक्र नव्हतेच. कार्ल बेंझने १८८६ साली जिचे पेटंट घेतले ती तीनचाकी गाडी एका उभ्या दांड्यावरील लहानशा मुठीने वळविली जाई, आणि पुढील काही वर्षांतल्या अनेक गाड्यांना होडीच्या सुकाणूसारखा दांडा असे. मंद गतीला तो पुरेसा होता. वेग वाढला तशी त्याची उणीव उघडी पडली. कारण रस्त्यातील दगडाचा धक्का तो दांडा जसाच्या तसा चालकाच्या हातात आणून पोचवीत असे. १८९४ च्या पॅरिस ते रुआन या शर्यतीत आल्फ्रेद व्हाशेरों याने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी चक्र बसविले होते. परंतु खुद्द त्या कारखान्याचा धुरीण एमिल लेव्हासॉर हा १८९६ च्या पॅरिस–मार्सेल–पॅरिस शर्यतीत उतरला तो दांड्याचीच गाडी घेऊन. वाटेत कुत्र्याला चुकविताना गाडी उलटून तो बाहेर फेकला गेला, आणि पुढच्याच वर्षी मरण पावला. १८९८ पासून पानार आणि लेव्हासॉर यांच्या कारखान्याने आपल्या गाड्यांना चक्र बसविण्याचा प्रघात सुरू केला, आणि थोड्याच वर्षांत दांडा इतिहासजमा झाला.

ही पहिली चक्रे घोडागाड्या घडविणाऱ्या कारागिरांच्या हातची विद्या घेऊन आली. धातूचे आरे आणि त्यांवर लाकडी कड. लाकडाचे तुकडे एकमेकांत सांधून वर्तुळ साधावयाचे, ते घासून हाताच्या मुठीत बसेल असे गोलसर करावयाचे आणि वर रोगणाचे हात द्यावयाचे. बैलगाडीचे चाक बांधणाऱ्या आपल्याकडील सुताराला यात समजावून सांगण्यासारखे काही नव्हते. लाकूड हाताला उन्हात फार तापत नाही, थंडीत फार गार लागत नाही. दोष एवढाच की सांधे उकलतात, रोगण झिजून घाम लाकडात मुरतो, आणि अपघातात कड मोडलीच तर तिच्या कपच्या सुरीसारख्या लागतात.

शर्यतीच्या गाड्यांत तिसरी अडचण आली. रोगण दिलेली कड घामाने निसरडी होते. त्यावर जो उपाय निघाला तो खलाशांच्या आणि क्रिकेट खेळणाऱ्यांच्या परिचयाचा होता : बॅटच्या मुठीवर दोरा गुंडाळतात तशी मेण लावलेली बारीक दोरी वेढ्याला वेढा लावून संपूर्ण कडेवर गुंडाळावयाची. १९२० नंतरच्या दशकातील बेंटली गाड्यांची दोरीने बांधलेली चक्रे आजही त्या गाड्यांची खूण मानली जातात. सुकाणूचक्राला 'वेष्टन' घालण्याच्या प्रथेत या दोरीचे स्थान मोठे आहे. चामड्याचे वेष्टन आले ते जीनसाज शिवणाऱ्यांकडून; घोड्याचा लगाम ज्या हातांनी शिवला तेच हात पुढे मोटारीच्या बैठकी आणि चक्रे मढवू लागले.

हा सगळा कारभार हस्तकौशल्याचा होता, आणि लाखांनी मोटारी काढणाऱ्या कारखान्याला तो परवडणारा नव्हता. हेन्री फोर्डच्या 'टी' नमुन्याच्या दीड कोटीहून अधिक गाड्या १९०८ ते १९२७ या काळात निघाल्या. त्यांच्या चक्रांनाही आधी लाकडी कड असे. पुढे फोर्डने गव्हाचे काड, रबर, गंधक आणि वाळूची भुकटी यांचे मिश्रण साच्यात दाबून व भाजून कड तयार करविली आणि त्या पदार्थाला 'फोर्डाइट' असे स्वतःचेच नाव दिले. शेतातील काड मोटारीच्या चक्रात घालणारा हा गृहस्थ शेतकऱ्याचा मुलगा होता, हे येथे आठविल्यावाचून राहत नाही. अन्य कारखान्यांनी पोलादी सांगाड्यावर कठीण रबर चढविले. १९३० नंतर अमेरिकेत सेल्युलोजपासून केलेले प्लास्टिक आले. प्रथम ॲसिटेट आणि १९३८ पासून ॲसिटेट ब्युटिरेट. रंगीत, पारभासक, हस्तिदंतासारखी दिसणारी चक्रे याच पदार्थाची. गंमत अशी की सेल्युलोज निघते कापसाच्या आखूड तंतूंपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून. म्हणजे ज्या लाकडाला कारखान्याने मागच्या दाराने घालविले तेच रसायनशाळेतून पुढच्या दाराने परत आले.

हे चक्र नवे असता फार देखणे दिसते. मात्र पोलादाचा सांगाडा आणि त्यावरचे प्लास्टिक यांचे उष्णतेशी वागणे अगदी निराळे. तेवढ्याच तापमानाला प्लास्टिक पोलादाच्या सुमारे दसपट प्रसरण पावते आणि थंडीत त्याच प्रमाणात आकसते. शिवाय त्याला लवचिक राखण्यासाठी मिसळलेली द्रव्ये वर्षानुवर्षे हळूहळू उडून जातात आणि ते मुळातच आखडू लागते. आतला सांगाडा आखडू देत नाही; तेव्हा ताण जेथे सर्वांत अधिक, म्हणजे आरा जेथे कडेला मिळतो, तेथे ते फाटते. जुन्या ब्युटिरेटच्या चक्राला पुष्कळदा नासक्या लोण्यासारखा वास येतो. ब्युटिरिक आम्लाचे नावच मुळी लोण्यावरून पडलेले आहे, आणि तो वास म्हणजे पदार्थ विघटित होऊ लागल्याची सूचना होय.

अशी भेग दुरुस्त करण्याची रीत पाहिली तर ती दंतवैद्याच्या कामाची आठवण करून देते. भेग केसासारखी बारीक असली म्हणून तीवर रंग फासणे हा सर्वांत वाईट उपाय. पहिल्या उन्हाळ्यात ती पुन्हा उमलते. कानशीने किंवा लहान करवतीने भेग आणखी मोठी करावी लागते, पार सांगाड्यापर्यंत, आणि तिच्या कडा आतून बाहेर पसरट करून घ्याव्या लागतात. भेगेतून शिरलेल्या ओलीने आतले पोलाद गंजलेले असते. गंजाला मूळ धातूपेक्षा जागा अधिक लागत असल्यामुळे तोच भेग रुंदावीत असतो. तो पूर्ण खरवडून काढल्यावाचून पुढचे सारे व्यर्थ. मग दोन भाग एकत्र कालवून तयार होणारे इपॉक्सी राळेचे लुकण त्यात किंचित वर येईल इतके भरावयाचे, एक अहोरात्र कठीण होऊ द्यावयाचे, कानशीने व पॉलिश कागदाने मूळ गोलाईला आणावयाचे, आणि अस्तर देऊन पातळ हातांनी रंग मारावयाचा. या कामात घाई कोठे झाली हे बोट फिरविताच कळते. पारभासक वा संगमरवरी छटेच्या चक्राला मात्र रंग चालत नाही. त्याच्या सांगाड्यावर साच्यात नवे प्लास्टिक ओतावे लागते, आणि मग जुने म्हणून जे उरते ते केवळ आतले लोखंड.

चामड्याने मढविण्याचे काम वरकरणी सोपे वाटते. सोळा इंच व्यासाच्या चक्राची आतली कड सुमारे ४४ इंच भरते. शिवण तेथे येते, आणि इंचाला पाच टाके धरले तर सव्वादोनशेच्या घरात टाके होतात. चामडे मापापेक्षा थोडे आखूड कापतात, म्हणजे ताणून घालताना ते कडेवर घट्ट बसते. जेथे ते दुमडावयाचे तेथे त्याची जाडी आतल्या बाजूने रापीने उतरवितात. मेण दिलेला दोरा आणि दोन सुया घेऊन दोन्ही बाजूंची भोके एकाआड एक ओवीत जावयाचे. एक टाका जरा अधिक ओढला गेला तर शिवण नागमोडी होते आणि ती चालकाच्या दृष्टीसमोर जन्मभर राहते. बाजारात मिळणारे ओढून बसविण्याचे जाड आवरण यापुढे कवडीमोलाचे होय. ते कडेवर फिरते, आणि वळणावर चक्र स्थिर राहून नुसते आवरण हातात फिरावे यासारखा धोका नाही.

आता मूळ प्रश्न. १९६४ च्या व्हेनिस सनदेने जुन्या वास्तूंच्या बाबतीत एक दंडक घातला : जे अस्सल आहे ते राखावे, जे नवे घालाल ते नवे म्हणून ओळखू यावे. जुन्या मोटारींची जागतिक संघटना १९६६ मध्ये स्थापन झाली आणि तिने पुढे ट्यूरिन सनदेच्या रूपाने तेच तत्त्व मोटारींना लावले. आपल्याकडे दिल्लीत 'स्टेट्समन' पत्राने १९६४ पासून जुन्या मोटारींचा मेळावा भरविण्यास सुरुवात केली. पण जुनी गाडी म्हणजे आरशासारखी चकाकणारी गाडी, ही समजूत आपल्याकडे अद्यापि बलवत्तर आहे. ती सर्वस्वी चुकीची म्हणता येणार नाही. भेगाळलेले चक्र हाताला कापते, आणि गाडी रस्त्यावर चालावयाची तर ते निर्धोक असलेच पाहिजे. परंतु जी झीज केवळ झीज आहे, ज्यात मोडतोड नाही, ती घासून काढणे म्हणजे शिलालेखाची अक्षरे शिळा स्वच्छ दिसावी म्हणून तासण्यासारखे आहे.

त्या झिजेत काय वाचता येते याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होत असलेली ॲम्बॅसडर आणि मुंबईत कुर्ल्यास बांधली गेलेली प्रीमियर पद्मिनी, या दोन्ही गाड्यांना दीर्घकाळ गियरचा दांडा चक्राखालीच, डाव्या बाजूस असे. शहरातल्या गर्दीत डावा हात वारंवार त्या दांड्यावर जावयाचा आणि चक्राचा सारा भार उजव्या हातावर पडावयाचा. सरकारी ॲम्बॅसडरची गोष्ट आणखी वेगळी : तिचा मालक कधी बदलत नाही, चालक मात्र बदलत राहतात, एकाच कडेवर कित्येक जणांचे हात एकावर एक उमटतात, आणि शेवटी लिलावाच्या यादीत त्या सर्वांची नोंद 'निकामी वाहन, एक' अशी होते.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे चक्र उघडे असे क्वचितच दिसे. समुद्राची दमट हवा, घाम आणि काचेतून येणारे ऊन यांपासून बचाव म्हणून टॅक्सीचालक त्यावर रेक्झिनचे किंवा प्लास्टिकचे वेष्टन चढवीत. फाटले की त्यावरच दुसरे. या जातीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. ज्या थोड्या गाड्या हौशी लोकांनी राखल्या त्यांच्यापुढे आता हे वेष्टन काढावे की ठेवावे, असा पेच असतो. काढले तर खाली कारखान्यातून आलेली मूळ कड मिळण्याचा संभव आहे, कारण उन्हापासून वेष्टनाने ती झाकलेली असते; मात्र त्याच वेष्टनाखाली ओल अडकून सांगाडा गंजलेलाही असू शकतो. म्हणून जाणता कारागीर ते कापून फेकीत नाही. आतल्या बाजूची शिवण टाका-टाका उसवून तो प्रथम कड पाहतो, गंज असेल तेवढा काढतो, भेग असेल तेवढीच भरतो, आणि मालकाची इच्छा असेल तर तेच जुने वेष्टन त्याच भोकांतून, नव्या दोऱ्याने, पुन्हा शिवून देतो.